वरचा कॉम्प्युटर, खालचा कॉम्प्युटर

आई होती तोवर हे लिहिता आलं नसतं. आता ती नाही, आणि माझ्याखेरीज ही गोष्ट ठाऊक असणारं कुणी उरलेलं नाही. म्हणजे लिहून कुणाचं काही बिघडणार नाही, आणि कुणाला काही मिळणारही नाही. तरी लिहिते. गेले काही महिने रोज थोडं लिहिते, दुसऱ्या दिवशी निम्मं खोडते.

तहसील कचेरीमागच्या बोळात चार घरांच्या ओळीतलं शेवटचं घर आमचं. खाली एक लांबट खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मध्ये चौदा पायऱ्यांचा अरुंद जिना. खालची खोली आईची. लग्नाआधी ती मराठी टायपिंग शिकली होती. कचेरीत आलेल्या लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे कागद ती टाइप करून द्यायची. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. बोटांना मात्र टाइपरायटरचीच सवय राहिली. की-बोर्ड ती असा बडवायची की वर आडव्या पडलेल्या माणसालाही काय चाललंय ते कळावं. अप्पांना खरंच कळायचं. डोळे मिटून ऐकता ऐकता म्हणायचे, "वारसाचं चाललंय. आता थांबली बघ. म्हणजे पाचव्या बहिणीचं नाव विसरलेत." न्हावा शेव्याचे कंटेनर मोठ्या रस्त्यावरून गेले की आमच्या फडताळातल्या काचेच्या बरण्या किणकिणायच्या. या दोन आवाजांत मी वाढले आणि या दोन आवाजांतच पुस्तकं वाचली. आता राहते तिथे दोन्ही नाहीत, वाचताना मन लागत नाही.

अप्पा मोजणी खात्यात कारकून होते. जन्म उरणकडच्या एका खेड्यातला, भाताची खारी शेती असलेल्या घरातला. खारी शेती म्हणजे खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवून आत काढलेली खाचरं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जमिनीचे नंबर लिहिण्यात घालवली आणि निवृत्तीला आल्यावर एकदम त्यांच्या मनात आलं, की नंबर सगळे कागदावर आहेत पण नावं कुठेच नाहीत. लोकांच्या तोंडी प्रत्येक खाचराला नाव होतं. सात पायली भाताचं बी लागायचं म्हणून 'सातपायली'. बांधातून कायम पाणी झिरपायचं म्हणून 'रडकी'. बंदर आलं, रस्ते आले, वसाहती आल्या, खाचरं भराव टाकून बुजली. ज्यांना नावं ठाऊक होती ती माणसंही एकेक करून चालली होती. अप्पा रविवारी एसटीने जाऊन म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसायचे, नावं विचारायचे, आणि घरी येऊन आईकडून एका तक्त्यात टाइप करून घ्यायचे. सर्व्हे नंबर, नाव, नावाचं कारण, सांगणाऱ्याचं नाव. पुस्तक वगैरे करायचं त्यांच्या डोक्यात नव्हतं. "कुणी विचारलं तर सांगता यावं," एवढंच म्हणायचे. कुणी विचारत नव्हतं.

मग त्यांचं हृदय अधू झालं. इस्पितळातून आणलं ते थेट वर, कारण संडास वर होता आणि खालचा घराबाहेर. डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या, मीठ आणि जिना. मिठागरांच्या मुलखात जन्मलेला माणूस अळणी वरणभातावर आला. आई आमच्यापुरता कांद्यावर जवळा परतायची तेव्हा त्या सुक्या मासळीचा वास जिन्यातून वर जायचा आणि वरून हाक यायची, "सुमन, नुसता वास पाठवू नकोस, सोबत थोडा जवळा पण पाठव."

"तुम्हाला दुधी आहे," आई खालून म्हणायची.

"दुधीचा वास का नाही येत मग वर?"

"लाज वाटते त्याला."

अशी त्यांची बोलणी जिन्याच्या वर-खाली चालायची. दिवसातून अर्धा वेळ तरी ती दोघं एकमेकांना दिसत नसत.

अप्पांना वर बसून काम करता यावं म्हणून माझ्या मामेभावाने त्याच्या ऑफिसमधून निघालेला एक जुना लॅपटॉप आणून दिला. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालणारा. आता तक्ता दोन ठिकाणी झाला. मी पेनड्राइव्हवर घालून वर-खाली करायचे. एकदा आईकडच्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, तो निस्तरला. पण खरं नुकसान व्हायरसने केलं नाही, मी केलं. कोन गावच्या एका म्हाताऱ्याने फोनवर बावीस नावं सांगितली होती, ती अप्पांनी वरच्या तक्त्यात घातली. त्याच दिवशी आईने खालच्या तक्त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. मी खालची फाईल वर नेली आणि 'जुनी फाईल बदलू का' असं विचारल्यावर हो म्हटलं. पंधरा दिवसांनी ते लक्षात आलं. अप्पांनी कोनला फोन लावला. पलीकडून सून म्हणाली, "बाबा गेले की. उद्या बारावा हाय."

अप्पा मला रागावले नाहीत. फोन ठेवला आणि म्हणाले, "फाईल एकच पाहिजे, बाय. दोन झाल्या की असंच होणार." मला ते बाय म्हणायचे, त्यांच्या गावाकडे लेकीला म्हणतात तसं. एकच गाव उरलं होतं तेव्हा, त्यांचं स्वतःचं. ते त्यांनी शेवटी ठेवलं होतं, ताटातला आवडीचा पदार्थ शेवटी ठेवावा तसं. आणि त्या गावच्या खारीची नावं सांगणारा आता एकच माणूस होता, कान्हूबाबा. अप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, फोन न वापरणारा.

म्हणून मी दोन्ही कॉम्प्युटर जोडायला घेतले. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पुस्तकातून काहीही शिकता येतं अशी माझी समजूत होती. बाजारातून लांब वायर आणली, जिन्याच्या कडेने खिळे ठोकत वर नेली. फाईल अप्पांच्या लॅपटॉपवर राहणार, आणि आईने ती खालून उघडायची. मी दोन्हीकडे ग्रुपचं नाव एकच ठेवलं, पत्ते दिले, फायरवॉल बंद केली, चालू केली, परत बंद केली. खालून वरच्या कॉम्प्युटरला नुसती हाक मारून बघायची एक सोय असते, पिंग म्हणतात तिला. ती मारली की चारही वेळा उत्तर यायचं. वरचा कॉम्प्युटर आहे, जागा आहे, ऐकतो आहे. पण त्याच्यावरचा फोल्डर उघडायला गेलं की इंग्रजीत एक लांबलचक निरोप यायचा आणि दार बंद.

"काय म्हणतोय?" अप्पा वरून विचारायचे.

"ओ देतोय, पण आत घेत नाही."

"तुझ्या मोठ्या काकासारखा आहे म्हण की."

दोन महिने गेले त्यात. कॉलेजातून आले की मी जिन्यात बसायचे, एकदा वर, एकदा खाली. तो निरोप मी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला होता. त्यात तीन शक्यता दिल्या होत्या आणि मी त्यातल्या शेवटच्या दोन धरून बसले होते, कारण पहिली आम्हाला लागूच नव्हती असं मला वाटलं. अप्पांचा तक्ता तेवढे दिवस पुढे सरकला नाही. दोन फायली नकोत म्हणून ते नवं काही लिहायलाच तयार नव्हते. कान्हूबाबाला निरोप धाडला होता, ये म्हणून, पण घाई नको, पोरीचं जमू दे, असंही त्याच निरोपात सांगितलं होतं. त्या दिवसांत त्यांचे पाय सुजायला लागले. आई बोटाने दाबून बघायची, खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते.

शेवटी रफीकचाचांना बोलावलं. पनवेलच्या बाजारात त्यांचं रिपेअरिंगचं छोटं दुकान होतं, आधी बरीच वर्षं कुवेतला होते. ते आले, अप्पांच्या पायाशी खुर्ची ओढून बसले, बिनसाखरेचा चहा मागितला आणि माझी वही वाचली. मशीनला हातही लावला नाही.

"बेटा, सगळं बरोबर केलंयस तू. माशाल्ला. फक्त याला पासवर्ड नाही."

"पासवर्ड नाही म्हणजे उघडंच आहे ना?"

"तेच तर. समोर बसलीस तर उघडं. पण वायरवरून कुणी आला आणि खात्याला पासवर्डच नसेल, तर हा त्याला आत घेत नाही. त्याला वाटतं, ज्या घराला कुलूप नाही ते घर रामभरोसे. हे बघ, पहिल्याच ओळीत लिहिलंय." मला पान दाखवून ते म्हणाले, "अप्पासाहेब, एक पासवर्ड टाकू दे पोरीला. दोन मिनिटांचं काम."

"नाही," अप्पा म्हणाले.

"घरातल्या घरात हो."

"घरातल्या घरात म्हणूनच नाही."

इथे हे सांगायला हवं, की आमच्या घरात कडीकुलूप फक्त बाहेरच्या दाराला होतं. कपाटाला किल्ली नाही, ट्रंकेला नाही, माझ्या टेबलाच्या खणालाही नाही. सुताराने खणाला कुलूप बसवून दिलं तर अप्पांनी ते काढून घेतलं आणि भोकावर लाकडाची चकती ठोकली. याला कारण होतं. त्यांच्या लहानपणी घरातलं एकच कपाट मोठ्या काकाच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या, किल्लीत असायचं. शाळा सोडल्याचा दाखला त्या कपाटात होता आणि पुढच्या शाळेत प्रवेश घ्यायचा शेवटचा दिवस होता. काका किल्ली कमरेला लावून बाजाराला गेलेला. अप्पा दिवसभर त्या कपाटासमोर उभे राहिले. काका दिवेलागणीला आला. ते वर्ष गेलं, आणि त्यानंतर घरातल्या माणसाला घरातल्या माणसापासून कुलूप नको, हे एवढं एकच तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळलं. रफीकचाचा हसून म्हणाले, "मग तुमचं मशीन तुमच्यापेक्षा हुशार निघालं," आणि चहा संपवून उठले. जिना उतरताना हळूच मला म्हणाले, "त्यांना कळू न देता टाक. साधा ठेव, एक-दोन-तीन-चार. कुणाला चोरायचंय त्यात?"

मी दुसऱ्या दिवशी टाकला. अप्पा झोपले होते. एक, दोन, तीन, चार. मला दुसरं काही सुचलं नाही, खरं म्हणजे मी काही सुचवायलाच गेले नाही. तो पासवर्ड मला तात्पुरता अडकवलेला खिळा वाटला. खाली आईच्या कॉम्प्युटरवर तो एकदाच टाकला आणि 'लक्षात ठेव' वर टिचकी मारली. फोल्डर उघडला. आत तक्ता. मी जिन्यात बसून रडले. अप्पांना सांगितलं, वायरीत दोष होता.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरातले शेवटचे चांगले दिवस. एक माणूस फाईल उघडून बसला की दुसऱ्याला ती नुसती वाचता यायची, लिहिता यायची नाही. त्यामुळे दिवसभर हाका चालायच्या. "अहो, सोडा ना, मला नाव दुरुस्त करायचंय." "थांब, चिंचेखालचीचं लिहितोय." "चिंच काय पळून जाते?" आणि मग वरून मोठ्याने, "सोडली!" बोळातल्या बायका आईला विचारायच्या, सारखं काय सोडतात गं तुझे यजमान? आलेल्या प्रत्येकाला अप्पा जिन्यातली वायर दाखवायचे. "आमच्या बायने केलंय. रफीकला सुद्धा जमलं नाही." मी मान खाली घालायचे. त्यांना वाटायचं विनय आहे.

मी रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी लॅपटॉप चालू करायचे, चार आकडे दाबायचे आणि त्यांच्यासमोर ठेवायचे. तो दिवसभर चालूच राहील असंही करून ठेवलं होतं. अप्पांना तो नेहमी उघडाच मिळाला. सांगायला हवं होतं, हे मला रोज कळत होतं. परीक्षा झाली की सांगू, असं ठरवलं होतं.

त्या दिवशी माझा इतिहासाचा पेपर होता. फोनचा आवाज बंद करून पिशवीत आणि पिशवी वर्गाबाहेर. आई एका गिऱ्हाइकाच्या वारसनोंदीत आडनाव चुकलं म्हणून कचेरीत गेली होती आणि साहेब जेवायला गेल्यामुळे तिथेच बसली होती. पुढचं मी कान्हूबाबाकडून ऐकलं, नंतर, इस्पितळाच्या बाकावर बसून.

त्यांचा मुलगा ट्रक घेऊन पनवेलकडे येत होता, त्याने त्यांना आमच्या दारात उतरवलं. दार लोटलेलंच होतं. ते वर गेले. दोघे गळ्यात पडले. अप्पांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि म्हणाले, "बाबा, आता पाणी सुटल्यावानी सांग." पहिलं नाव यायच्या आधी वीज गेली. बॅटरी मेलेली, पडदा काळा झाला. दोघे बोलत बसले, कोण गेलं, कोण राहिलं. पाऊण तासाने वीज आली. अप्पांनी लॅपटॉप चालू केला आणि त्याने पासवर्ड विचारला.

"मना वाटला मशीन बिघारला," कान्हूबाबा म्हणाले, अप्पांना ते जनू म्हणायचे. "पन जनूचा तोंड बघला नि कललं, वेगला काय तरी हाय. बोलला, बाबा, हे माज्या पोरीनं लावलाय. मी बोललो, असंल काय तरी कामाचा. त्यानं मंग कागद घेतला नि एकेक लिवाया लागला."

माझ्या फोनवर घरून आलेल्या अकरा हाका होत्या. पेपर सुटल्यावर मी त्या पाहिल्या तेव्हा पहिली येऊन तीन तास झाले होते.

कागदावर का नाही लिहून घेतली नावं, असं मी कान्हूबाबांना विचारलं. ते म्हणाले, "तेच बोललो मी. तर बोलतो, नाय, मना नंबर पायजे. नंबराबिगर मी तुला इचारू कसा, याच्या उगवतीला काय नि मावलतीला काय? सगला त्याच्यात हाय." खरं होतं ते. म्हाताऱ्या माणसाला नावं ओळीने आठवत नाहीत. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर न्यावं लागतं त्याला, आणि ते बांध तक्त्यात होते. वेळ चालला होता. मुलगा न्हावा शेव्याहून परतताना बापाला न्यायला येणार होता, आणि आज गेलेला म्हातारा पुन्हा कधी येईल ते कुणी सांगावं? कोनच्या म्हाताऱ्याचं दोघांनाही माहीत होतं.

तेव्हा अप्पांच्या लक्षात आलं असणार, की खाली आईचा कॉम्प्युटर आहे. त्याला कुलूप नाही. आणि वायर आहे. वरचा लॅपटॉप त्यांना आत घेत नव्हता, पण चालू होता, आणि खालच्या कॉम्प्युटरला तो ओळखत होता. हे त्यांना कसं कळलं मला ठाऊक नाही. कदाचित कळलं नसेल, नुसती आशा असेल. ते जिना उतरले. चौदा पायऱ्या, एक हात कठड्याला आणि एक कान्हूबाबांच्या खांद्यावर. मध्ये दोनदा बसले. "मी बोललो, जनू, नको, राऊ दे. तो बोलला, शालेचा दाखला हाय बाबा, आज शेवटचा दिस हाय."

खाली तक्ता उघडला. त्यांनी आईच्या खुर्चीत बसून, आईच्या बडवून बडवून गुळगुळीत झालेल्या की-बोर्डवर सात नावं घातली. वाकडी. मोठी. भुताची. रडकी, ही दुसरी रडकी, प्रत्येक गावाला एक असते. कोलव्याची. विधवेची. घाटवाली. कारणांचा रकाना रिकामा सोडला, तो नंतर भरायचा असणार. आठव्या ओळीत नंबर आहे आणि पुढे काही नाही. तिथे त्यांनी कान्हूबाबांना विचारलं, "उघाडीजवळची कुठली?" बांधात लाकडी झडप असते, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारी, तिला उघाडी म्हणतात. कान्हूबाबा आठवत होते. आठवून वर बघितलं तर अप्पांचं डोकं टेबलाला टेकलं होतं.

मी रिक्षातून उतरले तेव्हा शेजारचे काका आणि आई त्यांना गाडीत घालत होते. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं. मला वाटतं त्यांना काही विचारायचं होतं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, एवढं मी खात्रीने सांगू शकते, आणि त्या खात्रीचा मला काडीचा उपयोग झालेला नाही. चार दिवस इस्पितळात होते, शुद्ध परत आली नाही.

कागद आईला सापडला, दहाव्यानंतर, वरच्या खोलीत अंथरुणाखाली. मोजणी खात्यातलं सुरेख वळणदार अक्षर, पण थरथरलेलं, आणि इंग्रजी. सुमन. माझं नाव. माझं नाव जन्मसालासह. आजीचं नाव. मी शाळेत असताना आमच्याकडे होता त्या कुत्र्याचं नाव, मोत्या. गावाचं नाव. माझा परीक्षेचा बैठक क्रमांक, तो त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घेतला असणार. सातपायली. रडकी. प्रत्येकापुढे बारीक फुली. सगळ्यात शेवटी मराठीत 'बाय' आणि प्रश्नचिन्ह.

आईने तो माझ्यापुढे धरला. "पासवर्ड काय होता गं?"

आपल्या मुलीला काय काय प्रिय असेल याची त्या माणसाने शेवटच्या दुपारी केलेली यादी होती ती. आणि मी एक-दोन-तीन-चार टाकून मोकळी झाले होते. ते माझ्या तोंडातून निघेना. मी म्हटलं, "अप्पांचंच नाव होतं. जनार्दन."

आई मग पदर तोंडाला लावून कितीतरी दिवसांनी मोठ्याने रडली. "स्वतःचं नाव तेवढं सुचलं नाही हो त्यांना," ती म्हणाली. पुढे ती हे सगळ्यांना सांगायची. नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना, रफीकचाचांनासुद्धा. सगळ्यांची नावं टाकून पाहिली, स्वतःचं तेवढं टाकलं नाही, असा माणूस. रफीकचाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बिनसाखरेचा चहा संपवून उठले; आता तेही नाहीत. ऐकणारे हळहळायचे. होता होता ती अप्पांची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट झाली. तिच्यातला खोटा भाग तेवढा माझा होता.

कान्हूबाबाही त्याच वर्षी गेले. उघाडीजवळच्या खाचराचं नाव त्यांना त्या दुपारी आठवलं होतं, असं ते बाकावर म्हणाले होते. पण मी तेव्हा विचारलं नाही, आणि नंतर विचारायला गेले तेव्हा त्यांना मी कोण तेही ओळखू आलं नाही.

मागच्या वर्षी आई गेली. तिचे कागद बघायचे म्हणून मी खालच्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरसमोर बसले. मशीन नंतर दोनदा बदललं होतं, टेबल तेच होतं. चालू केला तर त्याने पासवर्ड विचारला. गिऱ्हाइकं हात लावतात म्हणून अलीकडे घातलाय, असं एकदा ती फोनवर म्हणाली होती. कोणता ते मी विचारलं नव्हतं. आमच्या घरात कुणी घातलेला हा दुसराच पासवर्ड. मला विचार करावा लागला नाही. मी 'जनार्दन' टाइप केलं आणि तो पहिल्याच वेळी उघडला.

तक्ता तिथे होता. आठवी ओळ तशीच होती.